व्यसनमुक्तीसाठी समुपदेशक निवडताना नेमके काय पाहावे?

वारणाकाठ यांचा प्रश्न :

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. गेली काही वर्षे तो रोज संध्याकाळी दारू घेत असे. आता सकाळी शटर उघडण्याआधीही त्याला घ्यावी लागते, नाहीतर हात इतके थरथरतात की गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देता येत नाहीत, असे माझी भावजय सांगते. दिवाळीनंतर तो स्वतःहून मला म्हणाला, "ताई, आता हे थांबवायला पाहिजे." त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी लगेच धावपळ सुरू केली. मात्र केंद्रात जाऊन राहायला त्याची आज तरी तयारी नाही.

आतापर्यंत तीन नावे हाती आली आहेत. पहिल्या समुपदेशकांकडे आम्ही जाऊन आलो. त्यांच्या दारावर पदव्यांची मोठी पाटी आहे. त्यांनी जवळजवळ सगळा वेळ यकृत, संसार आणि इच्छाशक्ती या विषयांवर समजावण्यात घालवला आणि शेवटी सहा महिन्यांचे शुल्क एकरकमी भरायला सांगितले. भाऊ तिथे एक शब्दही बोलला नाही आणि बाहेर आल्यावर "मी इथे परत येणार नाही" एवढेच म्हणाला. दुसरे नाव एका व्यसनमुक्ती केंद्रातल्या कार्यकर्त्यांचे आहे. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले आहेत, पण त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही. तिसऱ्या बाई पुण्याच्या असून त्या व्हिडिओ कॉलवर समुपदेशन करतात.

पदवीला किती महत्त्व द्यावे आणि अनुभवाला किती? आधी डॉक्टर गाठावा की समुपदेशक? आणि एखादी व्यक्ती आपल्या माणसासाठी योग्य आहे की नाही, हे घरच्यांनी कशावरून ओळखावे? भावाचे मन आज तयार आहे. चुकीच्या दारात गेल्यामुळे ते पुन्हा मिटू नये, अशी आम्हा सगळ्यांची तळमळ आहे.

ओपीडी_मिरज यांचा प्रतिसाद :

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याला मी सर्वांत आधी उत्तर देतो, कारण ते थांबू शकत नाही. सकाळी हात थरथरतात आणि दारू घेतल्यावर थांबतात, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून राहू लागले आहे. अशा माणसाने घरच्यांच्या आग्रहाखातर किंवा स्वतःच्या निश्चयाने एका रात्रीत दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतात, दरदरून घाम सुटतो, वेळ-काळाचे भान जाते आणि वेळीच उपचार न मिळाल्यास प्राणावर बेतते. म्हणून आधी डॉक्टर. त्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. या आठवड्यातच जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे त्याला न्यावे. दारू किती आणि किती वर्षे घेतो, शेवटची केव्हा घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, हे सगळे तिथे खरे सांगावे. विड्रॉलचा, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा, काळ सुरक्षित पार पडावा म्हणून ठरावीक दिवसांसाठी कमी कमी होत जाणारी औषधे देतात आणि थायमिन हे जीवनसत्त्व इंजेक्शनने दिले जाते. त्याची प्रकृती पाहून हे घरी करता येईल की भरती करावे लागेल, ते डॉक्टर ठरवतील.

याच टप्प्यावर तुम्हाला समुपदेशकांची पहिली पारख करता येते. सकाळच्या थरथरीबद्दल ऐकल्यावर जो समुपदेशक डॉक्टरांचे नाव काढत नाही आणि "गोळ्यांची गरज नाही, मन घट्ट करा" असे सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, मग त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. त्या पुड्या भाजीत किंवा चहात कालवू नका. त्यांत डायसल्फिरॅमसारखे औषध असू शकते आणि ते पोटात असताना माणूस दारू प्याला, तर उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो आणि जिवाला धोका होतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही आहेत. ती कोणाला चालतील हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून ठरते.

सावंत_समाजकार्य यांचा प्रतिसाद :

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे, त्यामुळे मी समुपदेशनापुरते लिहिते. मी मनोविकार समाजकार्यात शिकले आणि बरीच वर्षे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते आहे.

आधी पदवीचे पाहू. आपल्याकडे "समुपदेशक" हा शब्द दारावर लावायला आजही फारशी आडकाठी नाही. दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आणि चार दिवसांचे शिबिर करून आलेली व्यक्ती, दोघांच्याही पाट्या सारख्याच दिसतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांच्या बाबतीत मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिच्या नोंदवहीत नाव आहे की नाही हे संकेतस्थळावर पाहता येते. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना शिक्षण कुठे झाले आणि व्यसनी रुग्णांबरोबर कोणत्या संस्थेत, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, असे सरळ विचारावे. नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

पदवीची खात्री झाल्यावर खरा शोध सुरू होतो आणि तो तुमच्या भावाच्या गप्प बसण्यापाशी येऊन थांबतो. पहिल्या भेटीत कोण जास्त बोलले, हे मी नेहमी विचारते. दारू वाईट आहे हे दारू पिणाऱ्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. त्याला यकृताचे चित्र दाखवले की तो मान हलवतो, वाद घालावासा वाटला तर मनातल्या मनात घालतो आणि घरी जातो. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर विकसित केलेली एक समुपदेशनपद्धती आज जगभर वापरली जाते. तिचा गाभा असा, की बदलाची कारणे समुपदेशकाने सांगायची नसतात, ती समोरच्याच्या तोंडून यावी लागतात. समुपदेशक जितका जोर लावतो, तितका समोरचा माणूस पिण्याची बाजू लढवू लागतो.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते सांगते. चांगला समुपदेशक तुमच्या भावाला विचारेल, "सकाळचा पहिला घोट घेतल्यावर नेमके काय बरे वाटते?" घरच्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. पण एखादा दुकानदार यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, "हात थांबतात. आणि व्यापाऱ्याचा थकबाकीसाठी फोन आला तर उचलायची हिंमत येते." मग समुपदेशक उपदेशाकडे न वळता त्या फोनबद्दल विचारतो : थकबाकी किती दिवसांची आहे, घरात कोणाला माहीत आहे, फोन घेतलाच नाही तर काय होते. अर्ध्या तासात त्या माणसाने कदाचित बायकोलाही न सांगितलेली गोष्ट पुढे येते आणि "हे असेच चालले तर दुकान हातात राहायचे नाही" हे तो स्वतः म्हणतो. तेच वाक्य समुपदेशकाने म्हटले असते, तर ते कानावरून गेले असते.

समुपदेशनाच्या पद्धतींची नावे ऐकून दबून जाऊ नका. अमेरिकेत १७०० हून अधिक दारूग्रस्त रुग्णांवर तीन वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला होता. १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तिन्ही पद्धतींचे परिणाम बरेचसे सारखे निघाले. त्यामुळे "आमचीच पद्धत शास्त्रीय" असे म्हणणाऱ्यापेक्षा, आपली पद्धत तुमच्या भावाला समजेल अशा मराठीत सांगू शकणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचाराच : "मध्येच घसरण झाली, पुन्हा प्याला, तर तुम्ही काय करता?" काहीजण म्हणतील की आमच्याकडे तसे होतच नाही, काहीजण म्हणतील की मग आम्ही केस बंद करतो. ही दोन्ही उत्तरे ऐकल्यावर मी तिथून उठेन. घसरण होण्याची शक्यता गृहीत धरूनच काम करायचे असते. ज्याने हे काम केलेले आहे तो सांगतो की दुसऱ्याच दिवशी बोलवा, दारूचा वास येत असला तरी आणा, आपण त्या दिवसाचे तास मागे मागे जात तपासू आणि कुठे वळण घेतले ते शोधू. लाज वाटून माणूस याच दिवशी समुपदेशकाला टाळतो, म्हणून त्या दिवशी त्याचा फोन कोण उचलणार हे आधीच ठरलेले असायला हवे. सहा महिन्यांची एकरकमी फी भरून घेणाऱ्यांना तर हा प्रश्न आवर्जून विचारावा.

गोदाघाट यांचा प्रतिसाद :

मी स्वतः दारू पीत होतो आणि आता पीत नाही. दुसऱ्या नावाबद्दल, म्हणजे त्या कार्यकर्त्यांबद्दल, लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

ज्याने स्वतः भोगले आहे, त्याच्यासमोर खोटे बोलावे लागत नाही. मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो तो अशाच एका माणसाशी, कारण बाटली कुठे लपवतात, दुकानाच्या गल्ल्यातून पैसे कसे काढतात आणि बायकोला काय सांगतात, हे त्याला माझ्याआधीच माहीत होते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ही गोष्ट महाराष्ट्राला दाखवून दिली. डॉ. सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केले. तिथून बरे झालेले अनेकजण पुढे तिथेच काम करू लागले. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशननेही बऱ्या झालेल्या माणसांना असेच कामात घेतले. म्हणून पदवी नाही एवढ्यावरून त्या कार्यकर्त्यांना बाजूला काढू नये, अशी माझी विनंती आहे.

मात्र सावंतताईंच्या एका मुद्द्याला जोडून सांगतो. अनुभवी माणसाची पारख वेगळी असते. तो तुमच्या भावाची हकिकत ऐकतो, की प्रत्येक वाक्यानंतर स्वतःची हकिकत सुरू करतो? "मी असा सुटलो, तूही असाच सुटशील" हा हट्ट धरणारा माणूस मदत करू शकत नाही. भावाला दारूबरोबर खोल उदासी असेल, झोप अजिबात नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे तो बोलत असेल, तर ते ओळखून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची समज त्याला आहे का? आणि तो कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करतो का? ही तीन उत्तरे समाधानकारक मिळाली, तर भावाला त्यांच्याकडे अवश्य न्या.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांबद्दलही घरच्यांचा गोंधळ होतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी चालते. तिथे फी नसते आणि नावही विचारत नाहीत. तिथला प्रायोजक, ज्याला आम्ही स्पॉन्सर म्हणतो, तो समुपदेशक नसतो. तो आधीपासून सोबर असलेला सोबती असतो आणि रात्री अकरा वाजताही फोन उचलतो. समुपदेशक ठरलेल्या वेळी भेटतो आणि ज्या गोष्टी सभेत सगळ्यांसमोर बोलता येत नाहीत त्या त्याच्यापाशी बोलता येतात. मला दोघांचीही गरज पडली.

आमच्या भागात बरेचजण पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घालतात आणि दारू सोडतात. त्या माळेने सावरलेली घरे मी पाहिली आहेत, कारण माळेबरोबर हरिपाठ येतो, एकादशी येते आणि संध्याकाळी सातला बसायला दुसरी मंडळी मिळतात. भावाची तशी श्रद्धा असेल, तर तिची टिंगल करणारा समुपदेशक त्याच्यासाठी नाही. पण माळ घातल्यावर समुपदेशन बंद करू नका. काही कारणाने माळ काढून ठेवलेला माणूस पुन्हा प्यायला बसतो, तेव्हा देवाचा शब्द मोडल्याची शरम त्याला आणखी खोल नेते. ही शरम ज्याच्यासमोर बोलता येईल असा माणूस त्या वेळी हाताशी असावा लागतो.

उंबरठा यांचा प्रतिसाद :

वारणाकाठताई, तुमच्या पोस्टमध्ये भावजयीचा उल्लेख एकदाच आला आहे, म्हणून लिहिते. माझे यजमान आज सोबर आहेत. समुपदेशक निवडताना आम्ही जे पाहिले नव्हते आणि सुदैवाने आम्हाला जे मिळाले, ते म्हणजे माझ्यासाठी वेगळा वेळ देणारी व्यक्ती.

पहिल्याच भेटीत बाईंनी यजमानांना समोर बसवून ठरवले की घरच्यांना काय सांगितले जाईल आणि काय नाही. उपचाराला येतात की नाही आणि जिवाला धोका वाटला तर ते, एवढेच घरी कळेल, बाकी खोलीतले बोलणे खोलीतच राहील. माझ्या सासूबाई नंतर रोज फोन करून "काय म्हणाला तो?" असे विचारत असत आणि बाई दर वेळी नम्रपणे नकार देत. मला तेव्हा त्याचा त्रास झाला. परंतु त्या नकारामुळेच यजमान पुढच्या भेटीला जात राहिले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. ज्या समुपदेशकाकडून घरच्यांना सगळी बित्तंबातमी मिळते, तो घरच्यांना आवडतो, पण रुग्ण त्याच्यापाशी बोलायचे थांबतो.

माझ्यासाठीच्या वेळेत मला शिकायला मिळाले ते असे, की दुकानात "त्यांना ताप आहे" असा फोन मी करायचा नाही, उधारी मी फेडायची नाही, प्यायलेले असताना वाद घालायचा नाही, आणि न प्यायलेल्या संध्याकाळी मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर जेवायला बसायचे. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी "सहचरी" नावाचा गट आहे आणि अल्-अॅनॉनच्या सभा कुटुंबीयांसाठीच असतात. तुमच्या भावजयीला यांपैकी काहीतरी मिळवून द्या, भाऊ उपचाराला जावो अथवा न जावो.

एक सावधगिरीही सांगते. भाऊ केंद्रात राहायला नकार देतो म्हणून कोणी "गाडी पाठवतो, उचलून आणतो" असे सुचवले, तर होकार देऊ नका. संमतीशिवाय भरती करायची असेल तर त्याच कायद्यात अटी आहेत : एका मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, केंद्राची नोंदणी असावी लागते आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास तर पूर्ण मनाई आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला असे उचलून नेले होते. तो परत आल्यावर कोणत्याही समुपदेशकासमोर बसायला तयार होईना.

वारणाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला ओपीडी_मिरज यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. फिट येण्याबद्दल ऐकल्यावर तो म्हणाला की मध्ये दोन दिवस बंद केली होती तेव्हा एकदा दुकानात चक्कर येऊन पडलो होतो. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. सोमवारी त्याला रुग्णालयात नेत आहोत. त्या कार्यकर्त्यांना भेटायलाही तो तयार झाला आहे. आता एवढेच विचारते, की पुण्याच्या बाईंचे व्हिडिओ कॉलवरचे समुपदेशन उपयोगी पडेल का? आणि एखादी व्यक्ती जुळते की नाही हे किती भेटींनंतर ठरवावे?

सावंत_समाजकार्य :

चक्कर येऊन पडल्याची ती घटना सोमवारी डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. ती फिट असू शकते आणि तसे असेल तर त्याला भरती करण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता मोठी आहे. सोमवारपर्यंत त्याने स्वतःहून दारू बंद करू नये. तोवर फिट आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

व्हिडिओ कॉल विड्रॉलच्या दिवसांत पुरेसा नाही. त्यानंतर मात्र तो उपयोगी पडतो, विशेषतः तालुक्याच्या गावी, जिथे समुपदेशकाच्या दाराशी उभी असलेली मोटारसायकल कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असते. त्या बाईंना दोन गोष्टी विचारा. औषधे देणाऱ्या स्थानिक डॉक्टरांशी त्या भावाच्या परवानगीने बोलतील का, आणि अवघड प्रसंगी प्रत्यक्ष भेटू शकेल असा जवळचा माणूस त्या ठरवून ठेवतील का? ते कार्यकर्ते तो जवळचा माणूस होऊ शकतील. दोघांना एकमेकांची माहिती असलेली बरी.

जुळणीबद्दल म्हणाल तर तीन-चार भेटी द्या, पण निर्णय भावाचा असू द्या. "बाई आवडल्या का?" असे विचारू नका. "आज तू काही असे बोललास का, जे आम्हाला सांगितलेले नाहीस?" एवढेच विचारा, आणि तो हो म्हणाला तर काय बोलला ते विचारू नका. चार भेटींनंतरही उत्तर नाही असेच येत असेल, तर समुपदेशक बदलावा. त्यात कोणाचा दोष नसतो आणि चांगले समुपदेशक स्वतःच दुसरे नाव सुचवतात. शुल्क भेटीगणिक द्यावे. मध्ये पैशांची अडचण आली किंवा रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ते भावजयीच्या मोबाइलमध्येही असू द्या.

आणि कॉलची वेळ मागताना दुकान बंद होण्याच्या सुमाराची मागा, कारण त्याच वेळी त्याचे पाय नेहमीच्या रस्त्याकडे वळत असणार. मागच्या गोदामात दार लावून बसता येत असेल तर उत्तम, फक्त त्या वेळी कामगार आत येणार नाहीत एवढे पाहावे.